जी आय बिलचा घरभत्ता: महिन्याला हातात नक्की किती पडणार, ते आधीच कसं काढायचं?

सह्यकडा

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडून कॉलेजला जाणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही आहेत. कुणी ग्रीन कार्डवर भरती झालेले, कुणी मॅव्हनी (ग्रीन कार्ड नसलेल्यांनाही भरती करणाऱ्या) योजनेतून गेलेले, कुणी इथेच जन्मलेले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च 'जी आय बिल' या कायद्याखाली सरकार उचलतं, आणि घरभत्ता हा त्याचाच भाग. ऑगस्टमध्ये लीजवर सही करायची वेळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, 'घरभत्ता किती मिळेल?' बहुतेक जण कॉलेजचं नाव टाकून वेबसाइटवर दिसणारा आकडा धरतात आणि त्यावर भाडं ठरवतात. तो आकडा म्हणजे छत आहे. हातात पडणारी रक्कम त्याच्या निम्मीही असू शकते, म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडू.

हे सगळं पोस्ट-९/११ जी आय बिलबद्दल आहे, म्हणजे चॅप्टर ३३, जे १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालं. जुन्या माँटगोमेरी बिलात ठरावीक मासिक रक्कम मिळते. त्यात वेगळा घरभत्ता नाही, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका.

रक्कम चार गोष्टींवर ठरते.

पहिली, मूळ दर. सैन्यातल्या ई-५ हुद्द्याला, कुटुंब असलेल्याला, कॉलेजच्या झिपकोडमध्ये जो बीएएच (सैन्याचा घरभाडे भत्ता) मिळतो, तो तुमचा मूळ दर. तुम्ही कॅप्टन म्हणून निवृत्त झालात की शिपाई म्हणून, लग्न झालंय की नाही, याने फरक पडत नाही. संरक्षण खात्याच्या कॅल्क्युलेटरवर बरेच जण स्वतःचा हुद्दा टाकतात आणि तिथेच चुकतात. ई-५ आणि 'विथ डिपेंडंट्स' हेच निवडायचं.

दुसरी, पात्रतेची टक्केवारी. ११ सप्टेंबर २००१ नंतर ३६ महिने सक्रिय सेवा झाली असेल तर १०० टक्के. ३० महिन्यांना ९०, २४ महिन्यांना ८०, १८ महिन्यांना ७०, ६ महिन्यांना ६० आणि ९० दिवसांना ५० टक्के. पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) मिळालेल्यांना पूर्ण १००. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे ज्यांना किमान सलग ३० दिवसांच्या सेवेनंतर सोडलं गेलं, त्यांनाही १००. तुमची टक्केवारी व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या) सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीवर, म्हणजे पात्रतेच्या पत्रावर, छापलेली असते, अंदाज करत बसू नका.

तिसरी, रेट ऑफ पर्सूट. म्हणजे पूर्णवेळच्या किती टक्के क्रेडिट घेतलीत ते, जवळच्या १० वर नेऊन. पदवीला नेहमीच्या सेमिस्टरमध्ये १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. ९ क्रेडिट म्हणजे ७५ टक्के, ते ८० धरतात. ७ क्रेडिट म्हणजे ५८.३, ते ६० होतात. आणि ६ क्रेडिट म्हणजे बरोबर ५० टक्के, तिथे घरभत्ता शून्य. ५० च्या वर असायलाच हवं.

चौथी, दिवस. भत्ता टर्म चालू असलेल्या दिवसांचाच मिळतो आणि प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतात.

या चारांचा गुणाकार म्हणजे तुमचा भत्ता.

रानजाई

एक पुस्ती जोडते. बीएएचचे दर दर १ जानेवारीला बदलतात, पण विद्यार्थ्यांचा दर बदलतो १ ऑगस्टला, आणि तेव्हा त्याच वर्षीच्या जानेवारीचा दर घेतला जातो. त्यामुळे जानेवारीत कॅल्क्युलेटर उघडलात आणि दर वाढलेला दिसला, तरी स्प्रिंग सेमिस्टरमध्ये तो मिळणार नाही. स्प्रिंगचा अंदाज काढताना कॅल्क्युलेटरमध्ये आधीचं वर्ष निवडा.

दुसरं, १ जानेवारी २०१८ च्या आधी ज्यांनी हे बिल वापरायला सुरुवात केली, त्यांचा दर थोडा जास्त असतो. संरक्षण खात्याने २०१५ पासून बीएएच टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांपर्यंत कमी केला. ती कपात नंतर सुरू करणाऱ्यांना लागते, आधीच्यांना नाही. एकाच वर्गातल्या दोन मित्रांची रक्कम वेगळी दिसली तर हे एक कारण असू शकतं.

मीठभाकर

राहायचं न्यू जर्सीत एडिसनला आणि कॉलेज मॅनहॅटनमध्ये. मग दर कुठला? लीजवरचा पत्ता द्यावा लागतो का?

सह्यकडा

मीठभाकर, मॅनहॅटनचा. तुम्ही कुठे राहता याच्याशी व्हीएला देणंघेणं नाही. आईवडिलांकडे राहा, डॉर्ममध्ये राहा, कॅलिफोर्नियात ट्रॅसीहून बे एरियात गाडी चालवत जा, दर कॉलेजचाच. लीज दाखवावी लागत नाही. भाडं भत्त्यापेक्षा कमी असेल तर उरलेले पैसे तुमचेच.

फक्त 'कॉलेजचा' म्हणजे मुख्य कार्यालयाचा नव्हे. २०१७ च्या फॉरएव्हर जी आय बिल कायद्याने असं ठरवलं की जास्तीत जास्त वर्ग ज्या कॅम्पसवर प्रत्यक्ष होतात, त्या कॅम्पसचा झिपकोड धरायचा. विद्यापीठ शहराच्या मध्यभागी आणि नर्सिंगचे वर्ग उपनगरातल्या शाखेत असतील, तर दर उपनगराचा. वेबसाइटवरच्या शोधात बहुधा मुख्य कॅम्पसच पहिला येतो, हे ध्यानात ठेवा. तुमची नोंदणी व्हीएला कळवणारा (सर्टिफाय करणारा) कॉलेजातला माणूस म्हणजे सर्टिफाइंग ऑफिसर. त्याला नेमका प्रश्न विचारा, 'माझं नाव कुठल्या फॅसिलिटी कोडखाली, म्हणजे कुठल्या कॅम्पसच्या व्हीए क्रमांकाखाली, सर्टिफाय होणार?'

शेवगा

ऑनलाइनचं लिहा कुणीतरी. कोविडच्या वेळी ऑनलाइन असूनही पूर्ण दर मिळत होता, अजून तसंच आहे असं समजणारे खूप आहेत.

रानजाई

ती सवलत १ जून २०२२ ला संपली. आता सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर देशभराच्या ई-५ बीएएचच्या सरासरीच्या निम्मा दर मिळतो, मग कॉलेज सॅन फ्रान्सिस्कोत असो की नेब्रास्कात. म्हणून महागड्या शहरातल्या कॉलेजात एक तरी वर्ग प्रत्यक्ष असावा, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. एक वर्ग प्रत्यक्ष असला की बाकी सगळे ऑनलाइन असले तरी कॅम्पसचा पूर्ण दर लागतो.

पण एक बारकावा इथे सुटतो. तो प्रत्यक्ष वर्ग त्या काळात चालू असला पाहिजे. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये तुमचा एकुलता प्रत्यक्ष वर्ग पहिल्या आठ आठवड्यांतच संपला, तर पुढचे आठ आठवडे तुम्ही व्हीएच्या दृष्टीने पूर्ण ऑनलाइन. ऑक्टोबरच्या मध्यावर दर कोसळतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला बँकेत पाहिल्यावर कळतं. प्रत्यक्ष वर्ग निवडताना पूर्ण सेमिस्टर चालणारा निवडा. प्रयोगशाळा असलेला विज्ञानाचा विषय यासाठी सोयीचा.

हायब्रिड वर्ग प्रत्यक्ष धरायचा की नाही, हे कॉलेज सर्टिफाय करताना ठरवतं. वेळापत्रकात 'हायब्रिड' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, आधी विचारा.

गोदाकाठ

एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवून दाखवता का? सेवा २६ महिने. फॉल टर्म २५ ऑगस्ट ते १२ डिसेंबर. ४ क्रेडिटची केमिस्ट्री लॅबसह, प्रत्यक्ष, पूर्ण टर्म. ३ क्रेडिटचा इतिहास ऑनलाइन, पूर्ण टर्म. आणि ३ क्रेडिटचं स्टॅटिस्टिक्स दुसऱ्या सत्रात, २० ऑक्टोबर ते १२ डिसेंबर. एकूण १० क्रेडिट. १०/१२ म्हणजे ८३, ते ८० होतात. मूळ दर २,४०० धरला तर २,४०० च्या ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे १,५३६ महिना. बरोबर?

सह्यकडा

गोदाकाठ, टक्केवारी बरोबर, पण १० क्रेडिट एकत्र मोजता येणार नाहीत. व्हीए तारखांप्रमाणे मोजतं, आणि छोट्या टर्मच्या क्रेडिटचं वजन वाढतं. सूत्र असं: क्रेडिट गुणिले १८, भागिले टर्मचे आठवडे. ३ क्रेडिट ८ आठवड्यांत म्हणजे ३ × १८ ÷ ८ = ६.७५ क्रेडिटच्या बरोबरीचं.

आता तुकडे पाडू. २५ ऑगस्ट ते १९ ऑक्टोबर ७ क्रेडिट चालू, म्हणजे ६० टक्के. २० ऑक्टोबरपासून ७ अधिक ६.७५, म्हणजे १३.७५. हे १२ च्या वर गेलं, म्हणजे १०० टक्के.

पहिल्या तुकड्याचा मासिक दर: २,४०० × ०.८ × ०.६ = १,१५२. दिवसाला ३८.४०.
दुसऱ्याचा: २,४०० × ०.८ × १ = १,९२०. दिवसाला ६४.

ऑगस्ट, २५ ते ३० असे ६ दिवस: २३०.४०
सप्टेंबर पूर्ण: १,१५२
ऑक्टोबर, १९ दिवस जुन्या दराने ७२९.६० आणि ११ दिवस नव्या दराने ७०४, मिळून १,४३३.६०
नोव्हेंबर पूर्ण: १,९२०
डिसेंबर १२ दिवस: ७६८

टर्मची एकूण रक्कम ५,५०४ डॉलर. वेबसाइटवरचे २,४०० चार महिन्यांनी गुणून कुणी ९,६०० धरून बसला असता, तर चार हजारांहून जास्त खड्डा पडला असता.

आणि पैसे येतात महिना संपल्यावर. ऑगस्टचे २३०.४० साधारण १ सप्टेंबरला, सप्टेंबरचे १ ऑक्टोबरला. म्हणजे १ सप्टेंबरचं भाडं, डिपॉझिट आणि १ ऑक्टोबरपर्यंतचा खर्च जवळपास पूर्ण खिशातून करावा लागणार. व्हीएचा पहिला अर्ज, २२-१९९०, उशिरा केला असेल तर आणखी खोळंबा होतो. कॉलेजचं सर्टिफिकेशन व्हीएकडे गेल्याशिवाय एक डॉलर सुटत नाही. माझ्या मते दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट हातात असल्याशिवाय ऑगस्टमध्ये घर घेऊ नये.

मीठभाकर

डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत पूर्ण मिळतो ना? मोठ्या भावाला मिळायचा.

हेमाडपंती

मीठभाकर, दोन टर्ममधल्या सुट्टीचा भत्ता १ ऑगस्ट २०११ पासून बंद झाला. भाऊ त्याआधी शिकले असतील तर त्यांना मिळाला असेल.

गोदाकाठ यांचं उदाहरण पुढे नेऊ. समजा स्प्रिंग टर्म २० जानेवारीला, पूर्णवेळ सुरू झाली. १३ डिसेंबर ते १९ जानेवारी शून्य. १ जानेवारीला डिसेंबरचे ७६८ येतील आणि १ फेब्रुवारीला जानेवारीच्या ११ दिवसांचे ७०४. पूर्ण १,९२० थेट १ मार्चला. म्हणजे लागोपाठ दोन महिने भाड्याला पुरेल एवढी रक्कम येत नाही. बारा महिन्यांचं लीज असेल तर वर्षभराचा भत्ता आधी बेरजेत मांडा, त्याला बाराने भागा आणि ते भाडं परवडतं का ते पाहा. महिन्याच्या आकड्यावर घर घेणाऱ्यांची अडचण नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत होते.

हिवाळी छोटी टर्म घेऊन काही जण ही फट भरतात. तीन आठवड्यांत ३ क्रेडिट म्हणजे वजनाने पूर्णवेळ. पण तो विषय तुमच्या डिग्रीत मोजला जाणारा हवा, आणि ३६ महिन्यांच्या एकूण कोट्यातून ते दिवसही जातात.

शेवगा

उन्हाळ्याचंही याच सूत्राने? ३ क्रेडिटवर भत्ता मिळतो का, यावर नेहमी वाद होतो.

रानजाई

आठवड्यांवर आहे, म्हणूनच वाद होतात. पदवीच्या ३ क्रेडिटचं गणित:

६ आठवडे: ३ × १८ ÷ ६ = ९, म्हणजे ७५ टक्के, धरतात ८०.
८ आठवडे: ६.७५, म्हणजे ५६ टक्के, धरतात ६०.
१२ आठवडे: ४.५, म्हणजे ३७.५ टक्के. घरभत्ता नाही.

एकच विषय, तेवढेच क्रेडिट. उन्हाळी टर्म १२ आठवड्यांची निवडली तर हातात काही नाही आणि ६ आठवड्यांची निवडली तर दीड महिना ८० टक्क्यांनी. मात्र ६ आठवड्यांत केमिस्ट्री उरकायची म्हणजे रोज तीन-चार तास वर्ग. नोकरी सांभाळून जमणार नसेल तर विषय सोडावा लागतो, आणि मग व्हीए दिलेले पैसे परत मागू शकतं.

मास्टर्सला हे सूत्र लागत नाही. पूर्णवेळ म्हणजे किती, ते कॉलेज ठरवतं, बऱ्याच ठिकाणी ९ क्रेडिट. त्यांच्याकडून लेखी घ्या.

गोदाकाठ

हिशोब पटला, आभार. 'डिग्रीत मोजला जाणारा' यावर थोडं लिहाल का? १२ पूर्ण करायला कुठलाही एक विषय घ्यावा असं सुचवलं जातं.

हेमाडपंती

असं करू नका. डिग्रीला लागत नसलेला विषय कॉलेज व्हीएला सर्टिफाय करू शकत नाही. तुमच्या फी पावतीवर १२ क्रेडिट आणि व्हीएकडे ९ अशी स्थिती होते, आणि भत्ता ८० टक्क्यांनी येतो. एकदा पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घेतला, तर तोही मोजत नाहीत. ऑडिट केलेला, म्हणजे क्रेडिट न घेता नुसता बसलेला, तर नाहीच.

अपवाद एक आहे. शेवटच्या टर्ममध्ये डिग्री पुरी करायला ६ क्रेडिटच उरली असतील, तर इतर विषय भरून पूर्णवेळ करता येतं. त्याला राउंडिंग आउट म्हणतात, आणि ते एका प्रोग्रॅमला एकदाच. शेवटच्या टर्मला भत्ता बुडणाऱ्या कित्येकांना ही सोय कुणी सांगितलेलीच नसते, म्हणून आवर्जून लिहितोय.

आंबोळी

नवरा अजून सर्व्हिसमध्ये आहे आणि त्याने बेनिफिट बायकोच्या नावे ट्रान्सफर केलंय, अशा घरात भत्ता किती धरायचा? आमच्या ग्रुपमध्ये दोघीतिघींना हा प्रश्न आहे.

रानजाई

आंबोळी, ताई, तिथे शून्य धरायचा. नवरा सक्रिय सेवेत असेपर्यंत बायकोला फी आणि पुस्तकांचे पैसे मिळतात, घरभत्ता नाही, कारण घराला सैन्याचा बीएएच आधीच येतो. तो सेवेतून बाहेर पडला की त्या तारखेपासून तिला भत्ता सुरू होतो. मुलांच्या नावे ट्रान्सफर असेल तर नियम वेगळा आहे. वडील किंवा आई सेवेत असले तरी मुलाला घरभत्ता मिळतो. त्यामुळे निवृत्ती दोन-तीन वर्षांवर असेल तर महिने आधी कुणी वापरायचे, हे घरात बसून ठरवा. ट्रान्सफर मात्र सेवेत असतानाच करावी लागते, बाहेर पडल्यावर करता येत नाही.

पुणेरी_पगडी

माजी सैनिकाला पुण्यात येऊन शिकायचं असेल तर?

सह्यकडा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात राहून अमेरिकी कॉलेज ऑनलाइन करत असाल तर ऑनलाइनचाच निम्मा दर. भारतातल्या संस्थेत प्रत्यक्ष शिकत असाल, तर ती संस्था आणि तो डिग्री प्रोग्रॅम व्हीएने मान्य केलेला हवा, आणि मग मूळ दर म्हणजे देशभराची पूर्ण सरासरी. मान्यता आहे की नाही, हे व्हीएच्या वेबसाइटवरच्या जी आय बिल कंपॅरिझन टूलमध्ये देश निवडून पाहता येतं. प्रवेश घेण्याआधी पाहा, नंतर मान्यता मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका.

शेवगा

टर्म सुरू झाल्यावर पैसे अचानक थांबतात, तेही लिहून ठेवतो. दर महिन्याला एनरोलमेंट व्हेरिफाय करावं लागतं. व्हीएकडून मेसेज येतो, त्याला उत्तर द्यायचं. डिग्री कॉलेजात लागोपाठ दोन महिने उत्तर दिलं नाही तर घरभत्ता रोखतात. फोन नंबर बदलला असेल आणि व्हीएकडे जुनाच असेल, तर मेसेज पोचतच नाही. सिमकार्ड बदलल्याच्या दिवशीच तिकडे नंबर बदलून टाका.

भत्त्यावर आयकर नाही, आणि फाफ्सामध्ये (सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात) तो उत्पन्न म्हणून दाखवायचा नाही. घरमालक उत्पन्नाचा पुरावा मागतो तेव्हा सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी आणि कॉलेजचं एनरोलमेंटचं पत्र पुढे करा. बरेच मालक ते मानतात.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. त्याच उदाहरणात केमिस्ट्री जड गेली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोडली तर?

हेमाडपंती

मग दोन धक्के एकदम बसतात. पहिला, पहिल्या तुकड्यात उरतो फक्त ३ क्रेडिटचा इतिहास, म्हणजे २५ टक्के, ५० च्या खाली. त्यामुळे सोडल्याच्या तारखेपासून १९ ऑक्टोबरपर्यंत काही नाही. दुसरा, प्रत्यक्ष वर्ग एकही उरला नाही. स्टॅटिस्टिक्सही ऑनलाइन असेल तर २० ऑक्टोबरपासून ३ अधिक ६.७५ म्हणजे ९.७५, ८१ टक्के, ते ८०, पण ऑनलाइन दराने. निम्मी सरासरी १,१५० धरली तर १,१५० × ०.८ × ०.८ = ७३६ महिना. जिथे १,९२० येणार होते तिथे.

शिवाय सोडलेल्या विषयाचे आधी दिलेले पैसे व्हीए परत मागू शकतं, अगदी टर्मच्या पहिल्या दिवसापासूनचे. आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर कागद जोडून कळवावं लागतं. पहिल्यांदाच सोडत असाल तर ६ क्रेडिटपर्यंत एकदाच सूट मिळते, आणि सोडल्याच्या तारखेपर्यंतचा भत्ता राहतो. ४ क्रेडिटवर ती वापरली की संपली, उरलेली २ पुढे वापरता येत नाहीत.

म्हणून 'ड्रॉप'चं बटण दाबण्याआधी सर्टिफाइंग ऑफिसरला गाठा आणि विचारा, २० ऑक्टोबरपासून सुरू होणारा, डिग्रीत बसणारा एखादा प्रत्यक्ष वर्ग अजून खुला आहे का. ३ क्रेडिटचा मिळाला तर वजन १६.५ होतं आणि २० ऑक्टोबरपासून कॅम्पसचा पूर्ण दर परत लागतो. तो वर्ग आधी नोंदवा, मग केमिस्ट्री सोडा.